परक्या कोर्टाचा हुकूमनामा : टोबॅगो, फरीदकोट, तिरुपती

मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एक निवृत्त शिक्षक आमच्याजवळ आले होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेले पाच-सहा कागद. कागद अमेरिकेतल्या एका न्यायालयाचे होते. जावयाने तिकडे घटस्फोटाचा अर्ज केलेला, मुलगी दीड वर्षापासून माहेरी, आणि आता हे पाकीट टपालाने घरी आलेले. त्यांनी विचारलं, "सर, हे इथं चालतं का? पोरीनं सही करून पाठवायची, की पाठवायचीच नाही?"

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, वकिली केली नाही. त्यामुळे त्यांना चांगल्या वकिलाकडे जायला सांगितले, आणि तेच योग्य होते. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. एका देशातल्या न्यायाधीशाने सही-शिक्क्यानिशी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या देशाने खरी धरायची की नाही? धरायची तर कशाच्या बळावर? आज त्याचाच इतिहास आपण पाहणार आहोत. त्या पिशवीकडे शेवटी परत येऊ.

आता सुरुवात सोप्या गोष्टीपासून करू. न्यायाधीशाचा शब्द चालतो, कारण त्याच्यामागे सरकार उभे असते. हुकूमनामा झाला, प्रतिवादीने पैसे दिले नाहीत, की वादी दरखास्त दाखल करतो, बेलिफ दारात येतो, जप्ती होते. पण देशाची हद्द ओलांडली की तोच बेलिफ एक साधा प्रवासी होतो. पासपोर्ट दाखवून आत आलेला. त्याच्या हातातल्या कागदाला पलीकडच्या कलेक्टरने किंवा न्यायाधीशाने का म्हणून मान द्यावा?

युरोपात या प्रश्नाला नीट हात घातला तो नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातल्या उलरिक ह्यूबर या कायदेपंडिताने, १६८९ च्या सुमारास. तिथला प्रत्येक प्रांत आपापल्या कायद्याने चालणारा, आणि व्यापारी मात्र रोज या प्रांतातून त्या प्रांतात जाणारे. ह्यूबर म्हणाला, प्रत्येक सत्तेचा कायदा तिच्या हद्दीतच चालतो. पण दुसरीकडे मिळालेला हक्क राज्यकर्ते सौजन्य म्हणून आपल्याकडे मान्य करतात, आपल्या सत्तेला किंवा प्रजेला त्याने बाधा येत नसेल तोवर. हा 'राष्ट्राराष्ट्रांतल्या सौजन्याचा' विचार पुढे इंग्लंड-अमेरिकेतही गेला आणि फार वर्षे टिकला.

आम्हाला मात्र तो कधी पटला नाही. दारात आलेल्या पाहुण्याला आपण चहा विचारतो, ते सौजन्य. पण पाहुणा 'चहा हा माझा हक्क आहे' म्हणून भांडू शकत नाही. न्यायालयात आलेला वादी काही चहा मागायला येत नाही, बरं का. तो आपले येणे मागायला येतो. ते सौजन्यावर सोपवले, तर राजाची मर्जी फिरली की येणेही बुडाले.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज न्यायाधीशांना हे जाणवले असावे. त्यांनी वेगळी मांडणी केली. परक्या न्यायालयाने 'अमक्याने तमक्याला इतके पैसे द्यावेत' असे ठरवले, की त्या अमक्यावर एक ऋण चढते. हे ऋण माणसाबरोबर प्रवास करते. तो लंडनला आला की ऋणही लंडनला आले. म्हणजे इंग्लंडचे न्यायालय परक्या राजाचा हुकूम पाळत नाही, ते एका माणसाकडून त्याचे ऋण फेडून घेते. आमच्या मते हा विचार फार मोलाचा आहे. पण त्यातून लगेच पुढचा प्रश्न निघतो : हे ऋण चढते कधी? जगातले कुठलेही न्यायालय कोणावरही ऋण चढवू शकते काय?

याचे उत्तर एका वेस्ट इंडियन बेटाच्या निमित्ताने मिळाले होते. खटला १८०८ चा. टोबॅगो बेटावरच्या न्यायालयाने एका माणसाविरुद्ध निकाल दिला. तो माणूस त्या बेटावर कधी गेलेलाच नव्हता. मग समन्स बजावले कसे? तर न्यायालयाच्या दरवाज्यावर एक प्रत खिळ्याने ठोकली. तिथल्या कायद्यात गैरहजर माणसासाठी तशी तरतूद होती. आपल्याकडे दारावर समन्स चिकटवतात ते निदान प्रतिवादीच्या दारावर! इथे न्यायालयाने स्वतःच्याच दारावर चिकटवले आणि हजारो मैलांवरच्या माणसाला 'कळवले' असे धरले. हा निकाल घेऊन वादी लंडनला आला, तेव्हा लॉर्ड एलनबरो या न्यायाधीशांनी त्याची जवळजवळ थट्टाच केली. टोबॅगो बेटाने कायदा करून साऱ्या जगाला बांधायचे म्हटले तर ते चालेल काय, आणि जग ते ऐकून घेईल काय, असा त्यांचा सवाल होता. दावा फेटाळला गेला.

इथे कोणी म्हणेल, टोबॅगो एक लहान बेट, वसाहत. साहेबाने लहानाला हसून घेतलं. पण नाही. १८७० मध्ये हाच प्रश्न फ्रान्सच्या न्यायालयाबद्दल उभा राहिला. आणि त्या वर्षीचे दोन निकाल शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. दोन्ही न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांचे.

पहिल्यात वादी फ्रेंच, प्रतिवादी इंग्रज, वाद जहाजाच्या भाडेकराराचा. करारात दंडाचे एक कलम होते. इंग्लंडच्या कायद्यात अशा कलमाचा अर्थ ठरलेला होता : आकडा लिहिला असला तरी प्रत्यक्ष नुकसान किती ते पाहायचे. फ्रेंच न्यायालयाला हे कोणी सांगितले नाही आणि त्याने तो आकडा जसाच्या तसा भरपाई म्हणून देवविला. म्हणजे इंग्लंडच्या कायद्याबाबत फ्रेंच न्यायाधीश सरळ सरळ चुकले होते. तरीही ब्लॅकबर्न म्हणाले, निकाल मान्य. प्रतिवादी तिथे हजर होता, लढला होता; आम्ही अपिलाचे न्यायालय नाही.

दुसऱ्यात वादी फ्रान्समध्ये राहणारा, प्रतिवादी लंडनमध्ये राहणारे डॅनिश व्यापारी. वाद ओट धान्याच्या मालाचा. फ्रेंच पद्धतीप्रमाणे समन्स वकिलातीमार्फत लंडनला आले, व्यापाऱ्यांना कळलेही. पण ते फ्रान्सला गेले नाहीत, एकतर्फी निकाल झाला. इथे ब्लॅकबर्न म्हणाले, निकाल अमान्य. हे व्यापारी फ्रान्सची प्रजा नाहीत, तिथे राहत नव्हते, त्या न्यायालयापुढे स्वतःहून गेले नाहीत. त्यांच्यावर ऋण चढलेच नाही.

म्हणजे बघा, चुकलेला निकाल हद्द ओलांडून गेला. आणि दुसरा, जो कदाचित अगदी बरोबरही असेल, तो हद्दीवरच अडला! आमच्या वर्गात आम्ही ही जोडी सांगायचो तेव्हा मुले हमखास हसायची. निकाल बरोबर की चूक, ही गोष्ट हद्दीवर कोणी विचारीतच नाही. विचारतात ते एवढेच की ज्याच्याविरुद्ध निकाल झाला त्याचे त्या न्यायालयाशी नाते काय होते? तो तिथे होता का, गेला होता का, बोलला होता का?

आता एक आडवळण घेतो, क्षमा असावी. मराठेशाहीतल्या निवाड्याची पद्धत आठवा. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की तंटा ऐकण्याआधीच दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. आजच्या अर्थाचा राजीनामा नव्हे! राजी असल्याचा नामा : या सभेपुढे आम्ही उभे आहोत, ती करील तो निवाडा कबूल. जामीन घेत. मग तकरीर, मग पुरावा. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाकडून येजितखत घेत, म्हणजे आपण हरलो याची त्याच्याच हातची कबुली. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या ग्रंथात हे सारे सविस्तर मांडले आहे. हे ब्लॅकबर्नच्या तत्त्वाचे मूळ वगैरे आहे असे आम्ही म्हणत नाही. तसले दावे करणारे पुष्कळ आहेत, त्यांत भर नको. पण सभेचा अधिकार उभ्या राहणाऱ्याच्या कबुलीतून येतो, ही समज इथल्या माणसाला परकी नव्हती, एवढे नक्की.

आता हिंदुस्थानातच येऊ. या विषयावर जगभर आधार म्हणून सांगितला गेलेला एक निकाल पंजाबातल्या एका लहान संस्थानाचा आहे. फरीदकोट. तिथल्या राजाचा खजिनदार होता गुरदयाल सिंग. मूळचा शेजारच्या जिंद संस्थानाचा. पाच वर्षे नोकरी करून १८७४ मध्ये तो फरीदकोट सोडून गेला. नंतर काही वर्षांनी फरीदकोटच्या दिवाणी न्यायालयात त्याच्यावर दावे झाले की खजिन्यातली मोठी रक्कम तुझ्याकडे निघते. तो गेला नाही. एकतर्फी हुकूमनामे झाले. ते घेऊन संस्थानाने लाहोरला, म्हणजे ब्रिटिश हद्दीत, दावे लावले. ते वर चढत चढत लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे पोहोचले, आणि १८९४ मध्ये लॉर्ड सेलबोर्न यांनी निकाल दिला.

राजाची बाजू काही लंगडी नव्हती. माणूस आमच्याकडे नोकरीला होता, व्यवहार आमच्या हद्दीत झाला, खजिना आमचा. मग दावा आमच्याकडे नाही तर कुठे चालायचा? सेलबोर्न यांचे उत्तर असे : हद्दीत असेपर्यंत माणूस त्या सत्तेखाली असतो, हद्द सोडून गेला की सत्ता त्याच्या मागे धावत नाही. फरीदकोटने आपल्या हद्दीत तो हुकूमनामा खुशाल बजावावा. बाहेर, जो माणूस कुठल्याही प्रकारे त्या न्यायालयाला शरण गेला नाही, त्याच्याविरुद्धचा असा एकतर्फी हुकूमनामा हा शून्य आहे. कमजोर नव्हे, अपुरा नव्हे, शून्य.

याची किंमत कोणी मोजली ते विसरू नये. गुरदयाल सिंगाने खरोखर पैसे खाल्ले होते की नव्हते, हे प्रिव्ही कौन्सिलने ठरवले नाही. खाल्ले असतील तर तो सुटला असे दिसते. पण दावेदाराला एक वाट होती : माणूस जिथे राहतो तिथे जाऊन दावा लावा. तिथल्या न्यायाधीशापुढे पुरावा मांडा. राजाने घरबसल्या निकाल मिळवला म्हणून तो बाहेर चालला नाही.

हा 'बाहेर' किती जवळचा होता, हे आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको. सांगली वेगळे संस्थान, मिरज वेगळे. औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट, सावंतवाडी, आणि मोठे कोल्हापूर. पुण्याहून भोरला जाणारी बैलगाडी कायद्याच्या भाषेत परमुलखात जात होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत संस्थानांच्या हुकूमनाम्यांसाठी खास कलम होते. सरकारने अधिसूचना काढली तर अमुक संस्थानाचा हुकूमनामा ब्रिटिश हद्दीत बजावता येई. अधिसूचना नसली तर तो परक्या देशाचा कागद.

मग १९४७ आले आणि हद्दी पुसायला लागल्या. पुसलेल्या हद्दीवर अडकलेल्या कागदांचे काय? इथे एक मराठी नाव येते. ग्वाल्हेरचे सरदार शितोळे. लाडोजी शितोळे हे महादजी शिंद्यांचे जावई, हे आपल्याला ठाऊक आहेच. उत्तरेत गेलेल्या मराठी घराण्यांपैकी हे एक. तर राजराजेंद्र सरदार मालोजी नरसिंगराव शितोळे यांनी मे १९४७ मध्ये ग्वाल्हेरच्या न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी ग्वाल्हेर संस्थानाबाहेरचे, संयुक्त प्रांतातले. ते हजर राहिले नाहीत. नोव्हेंबर १९४८ मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. तारखांकडे लक्ष द्या : दावा लागला तेव्हा इंग्रज होते, हुकूमनामा झाला तेव्हा देश स्वतंत्र होता, ग्वाल्हेर मध्य भारतात गेले होते, पण राज्यघटना अजून यायची होती. १९५१ मध्ये तो हुकूमनामा बजावणीसाठी अलाहाबादला गेला. तोवर सगळीकडे एकच घटना, एकच दिवाणी संहिता. शितोळ्यांना वाटले असेल, आता कसली अडचण?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ मध्ये निकाल लागला, आणि शितोळे हरले. बहुमताने न्यायालय म्हणाले, हुकूमनामा झाला त्या दिवशी ग्वाल्हेरचे न्यायालय परके होते, प्रतिवादी तिथले नव्हते, शरण गेले नव्हते. म्हणजे फरीदकोटच्या नियमाने तो अलाहाबादपुरता जन्मतःच शून्य. पुढे हद्द पुसली म्हणून शून्याचे काही होत नाही. घटनेतली तरतूद मागे जाऊन त्याच्यात प्राण फुंकत नाही.

याच्या उलट बाजू गोव्याची. १९६० मध्ये मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रतिवादीविरुद्ध हुकूमनामा दिला. त्या वेळी पणजीवर पोर्तुगालचा झेंडा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९६६ पासून तिथे आपली दिवाणी संहिता लागू झाली, आणि मग मुंबईचा हुकूमनामा गोव्यात बजावणीला गेला. प्रतिवादीने शितोळे प्रकरणाचाच आधार घेतला. पण १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे ऐकले नाही. कारण हा माणूस मुंबईच्या न्यायालयात हजर झाला होता, तिथे आपली बाजू मांडली होती. म्हणून हुकूमनामा पहिल्या दिवसापासून जिवंत होता, फक्त हद्दीने अडला होता. हद्द गेली, तो चालू लागला. दोन्ही प्रकरणांत सीमा पुसली गेली. फरक पडला तो एका माणसाच्या हजेरीने.

आजची व्यवस्था थोडक्यात सांगतो. आपल्या संहितेचे कलम १३ परदेशी निकाल अंतिम मानते, पण काही दोष असतील तर मानत नाही : न्यायालयाला अधिकार नसणे, गुणदोषांवर निकाल नसणे, फसवणूक, नैसर्गिक न्यायाचा भंग, असे. मग काही देश सरकारने अधिसूचनेने 'परस्पर मान्यतेचे' ठरवले आहेत. त्यांच्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे कलम ४४अ खाली थेट आपल्या जिल्हा न्यायालयात बजावता येतात, कर आणि दंडाची रक्कम वगळून. ब्रिटन आहे, सिंगापूर आहे, आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिराती आहे. आखाती देशांत नोकरी केलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे! तिथल्या बँकेचे कर्ज तसेच ठेवून परत आलो की प्रकरण मिटलं, अशी समजूत आम्ही पुष्कळ ऐकली आहे. आता तिथला दिवाणी हुकूमनामा रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातही येऊ शकतो. कलम १३ चे बचाव तिथे असतातच, पण समन्स आलेले असताना गप्प बसून राहणे हा बचाव भरवशाचा नाही. अमेरिका या यादीत नाही. तिथला पैशाचा निकाल घेऊन येणाऱ्याला इथे त्यावर नवा दावा लावावा लागतो, तोही निकालापासून तीन वर्षांच्या आत.

आता त्या पिशवीकडे. १९७५ मध्ये तिरुपतीला एक लग्न झाले. पुढे नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात घटस्फोटाचा अर्ज केला. तिथे नव्वद दिवस राहिले की अर्ज करता येई. बायको भारतात. तिने टपालाने उत्तर पाठवले, त्यात स्पष्ट म्हटले की तुमचा अधिकार मला मान्य नाही. १९८० मध्ये तिकडे घटस्फोट मंजूर झाला, संसार परत जुळण्यासारखा उरला नाही या कारणावर. हे कारण आपल्या हिंदू विवाह कायद्यात नव्हते. नवऱ्याने दुसरे लग्न केले, पहिल्या बायकोने द्विभार्येची फिर्याद केली, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिसूरीचा निकाल इथे मान्य नाही असे ठरवले. निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. आपले सावंत.

आम्हाला त्या निकालातला जो भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो फारसा सांगितला जात नाही. फरीदकोटचा नियम म्हणतो, हजर झालास की बांधलास. सावंतांनी विचारले, हजर होणे म्हणजे काय? समन्स मिळाले, कागदावर उत्तर गेले, एवढ्याने पत्नीचे म्हणणे ऐकले गेले असे कसे म्हणायचे? ती तिथे जाऊन खरोखर लढू शकत होती का? परदेशी न्यायालयाने हे तपासले पाहिजे, आणि गरज असेल तर अर्जदाराकडून तिच्या प्रवासाचा, राहण्याचा आणि खटल्याचा खर्चही देववला पाहिजे, तरच नैसर्गिक न्याय पाळला गेला म्हणता येईल. टोबॅगोच्या दरवाज्यावरचा खिळा आठवा आणि हे विमानाचे तिकीट पाहा. तत्त्व तेच, की त्याला ऐकल्याशिवाय बांधू नका. पण 'ऐकणे' या शब्दात काय काय येते, हे समजायला एकशे ऐंशी वर्षे लागली.

आणि तरीही हा काही सुखाचा शेवट नाही. मिसूरीत तो पुरुष घटस्फोटित, भारतात विवाहित. एकच लग्न एका विमानतळावर आहे आणि दुसऱ्या विमानतळावर नाही! तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला याहून मोठा त्रास कोणता? 'अ' आहे आणि 'अ' नाही. कायद्याला असे लंगडे विवाह सोसावे लागतात, कारण दोन सार्वभौम सत्तांच्या वर बसून निवाडा करणारा कोणी नाही. हेग इथे २०१९ मध्ये परदेशी निकालांच्या मान्यतेचा एक करार झाला, २०२३ पासून तो काही देशांत अंमलात आला. पण त्यानेही विवाहाचे प्रश्न बाहेरच ठेवले.

त्या शिक्षकांचा मध्यंतरी फोन आला होता. वकिलांनी पहिला प्रश्न हाच विचारला म्हणे, की मुलीने आतापर्यंत कशावर सही केली आहे का. केली नव्हती. त्या पाकिटात एक संमतीचा फॉर्म होता. तो भरला असता, तर पुढे 'मला ऐकलंच नाही' म्हणायला जागा फारशी उरली नसती. तो फॉर्म तसाच कोरा आहे. मुलीने आता इथल्या जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःचा अर्ज दाखल केला आहे, पोटगीसकट, आणि समन्स टपालाने अमेरिकेला गेले आहे. जावई येतो का, ते पाहायचं.

बरं, वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.